क्रूझ जहाजं ठरावीक बंदरांवरच का थांबतात?

प्रश्न असा आहे: एखाद्या समुद्राच्या काठाने किंवा बेटांच्या रांगेत शंभर बंदरं असतात, त्यातली कित्येक देखणी असतात. तरी बहुतेक सगळ्या कंपन्यांची क्रूझ जहाजं फिरून फिरून त्याच आठ-दहा ठिकाणी का लागतात? बाकीच्या बंदरांचं काय चुकतं?

मी बरीच वर्षं क्रूझच्या मार्गांची आखणी करण्याच्या कामात आहे. प्रवासी हा प्रश्न सहज विचारतात. लहान बंदरांच्या गावातली माणसं तो कळकळीने विचारतात, कारण त्यांनी कर्ज काढून धक्का बांधलेला असतो आणि जहाज येत नाही. त्यांच्यासाठी म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं: आम्ही बंदर एकेकटं निवडत नाही, अख्खी फेरी जुळवतो. तुमचं बंदर कितीही सुंदर असलं तरी त्याच्या आधीचं आणि नंतरचं बंदर एकेका रात्रीच्या अंतरावर नसेल, तर ते त्या फेरीत बसत नाही. सौंदर्याचा विचार होतो, पण तो बराच नंतर. तोवर नकाशावरची बहुतेक नावं गळून गेलेली असतात.

आधी रात्रीचा हिशोब. क्रूझ जहाज दिवसा थांबतं आणि रात्री चालतं. संध्याकाळी पाच-सहाला सुटायचं आणि सकाळी सात-आठला पुढच्या बंदरात असायचं, म्हणजे हातात साधारण चौदा तास. बंदरातून बाहेर पडताना आणि पुढच्या बंदरात शिरताना पायलट, म्हणजे तिथल्या पाण्याचा स्थानिक वाटाड्या, घेऊन सावकाश जावं लागतं, त्यात दोन तास तरी जातात. उरले बारा. १८ ते २० नॉटच्या (नॉट म्हणजे तासाला एक नॉटिकल मैल) वेगाने बारा तासांत २१६ ते २४० नॉटिकल मैल होतात. नकाशावर कुठल्याही बंदराभोवती एवढ्या त्रिज्येचं वर्तुळ काढा. दुसऱ्या दिवशीचं बंदर त्या वर्तुळाच्या आत असायला हवं. बाहेर असेल तर मध्ये अख्खा दिवस समुद्रावर काढावा लागतो, आणि असे दिवस एका फेरीत एक-दोनच परवडतात.

मग वेग वाढवा, असं लोक सुचवतात. पाण्यातून जाणाऱ्या जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या साधारण घनाच्या प्रमाणात वाढते. १८ नॉटऐवजी २२ नॉटने जायचं तर इंजिनांना सुमारे ८० टक्के जास्त ताकद लावावी लागते. वेळ कमी लागतो हे धरलं तरी तेवढंच अंतर कापायला इंधन जवळपास दीडपट जळतं. हे दर आठवड्याला, अख्खा हंगाम. त्यामुळे आमच्या टेबलावर दोन बंदरं सारखीच चांगली असतील तर जवळचं जिंकतं. गेल्या काही वर्षांत इंधनाचा खर्च आणि धुराचे नियम दोन्ही वाढले, तशी ही वर्तुळं आणखी आक्रसत चालली आहेत.

आता हेच आठवड्याच्या मापात बसवून पाहा. जगातल्या बहुतेक मोठ्या फेऱ्या सात रात्रींच्या असतात, कारण माणसांना सुट्टी आठवड्याची मिळते. फ्लोरिडातल्या मायामीहून बहामातलं नासाऊ सुमारे १८५ नॉटिकल मैलांवर आहे, एका रात्रीत आरामात. मायामीहून कॅरिबियनमधलं सेंट थॉमस बेट मात्र जवळजवळ १,००० नॉटिकल मैल. २० नॉटने गेलं तरी पन्नास तास. जाताना आणि येताना एवढा वेळ नुसत्या चालण्यात गेला की मध्ये दोन-तीन बंदरांपुरतीच जागा उरते. म्हणून मायामीहून पूर्वेकडे जाणाऱ्या फेऱ्यांत सेंट थॉमस, सेंट मार्टिन, सान हुआन, पोर्तो प्लाता ही नावं आलटून पालटून दिसतात. ग्रेनाडा, सेंट लुसिया, बार्बाडोस ही बेटं काही कमी देखणी नाहीत. पण फ्लोरिडाहून सात रात्रींत ती बसतच नाहीत. त्यांच्यासाठी फेरी सान हुआन किंवा बार्बाडोसहूनच सुरू करावी लागते.

आणि फेरी कुठूनही सुरू करता येत नाही. जिथे प्रवासी चढतात-उतरतात त्या होमपोर्टची गरज वेगळीच असते. सकाळी पाच हजार माणसं सामानासकट उतरवायची, दुपारपर्यंत तितकीच नवी चढवायची, आठवड्याचा शिधा भरायचा, कचरा उतरवायचा, इंधन घ्यायचं आणि संध्याकाळी सुटायचं. त्यासाठी मोठं विमानतळ, भरपूर हॉटेलं, रुंद रस्ते आणि सामान हाताळणारी तरबेज माणसं लागतात. फ्लोरिडातल्याच फोर्ट लॉडरडेलचं बंदर आणि विमानतळ एकमेकांना जवळपास लागूनच आहेत. त्या बंदराच्या भरभराटीत या एका गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. एकदा होमपोर्ट ठरलं की त्याच्या वर्तुळातली बंदरं फळतात आणि बाहेरची कोरडी राहतात. एखाद्या प्रदेशात कुठली बंदरं चालतात हे कळून घ्यायचं असेल तर आधी तिथलं होमपोर्ट कुठलं ते पाहा, निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण ग्रीसच्या पश्चिम किनाऱ्यावरचं काताकोलोन. गाव अगदी छोटं, एक रस्ता आणि समुद्रासमोर दुकानांची ओळ. त्याच्या उत्तरेला पात्रास आहे, मोठं शहर, मोठं बंदर, फेरीबोटींची सततची वर्दळ. तरी भूमध्य समुद्रातल्या मोठमोठ्या क्रूझ जहाजांच्या वेळापत्रकात नाव काताकोलोनचं असतं. एक तर प्राचीन ऑलिंपिया तिथून बसने पाऊण तासाच्या आत आहे. सकाळी निघून अवशेष पाहून दुपारच्या जेवणाला माणूस जहाजावर परत येतो. दुसरं म्हणजे मोठी जहाजं थेट लागतील असा खोल धक्का तिथे आहे. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात वजनदार कारण जागेचं: एड्रियाटिक किंवा इटलीकडून येऊन सँटोरिनीकडे, अथेन्सकडे जाणाऱ्या वाटेवर ते नेमकं थांब्याच्या अंतरावर पडतं. पात्रासचा धक्का उद्या दुप्पट केला तरी ऑलिंपिया काही त्याच्या जवळ सरकणार नाही.

बंदर आणि पाहायची जागा यांच्यातलं अंतर हा हिशोबाचा दुसरा अर्धा भाग आहे. जहाज बंदरात आठ ते दहा तास असतं. उतरायला-चढायला लागणारा वेळ आणि निघण्याआधी हातात ठेवायचा वेळ वजा केला की किनाऱ्यावर सहा-सात तास उरतात. रोमसाठी चिवितावेक्किया, फ्लॉरेन्ससाठी लिवोर्नो, पॅरिससाठी ल आव्हर, बर्लिनसाठी वार्नेम्युंडे ही बंदरं शहरापासून बरीच लांब आहेत. बर्लिनला तर जायला तीन तास आणि यायला तीन तास. ती चालतात ती केवळ त्या शहरांच्या नावावर, आणि तिथे जहाजं बहुधा नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबतात. एवढं मोठं नाव पाठीशी नसेल तर दीड तासाच्या बसप्रवासापलीकडचं ठिकाण आम्ही सहसा धरत नाही.

पाण्याची खोली लोकांना सगळ्यात मोठी अडचण वाटते, पण क्रूझच्या बाबतीत ती तितकीशी नसते. या जहाजांचा पाण्याखालचा भाग आकाराच्या मानाने कमी असतो. ३६० मीटरहून लांब अशा जगातल्या सर्वांत मोठ्या जहाजांचाही ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखालची खोली, सुमारे ९.३ मीटर आहे. मोठ्या तेलवाहू जहाजांचा याच्या दुपटीहून अधिक असतो. खरी अडचण वरच्या भागाची. पाण्यावर पंधरा-सोळा मजली भिंत उभी असते आणि आडवा वारा तिला शिडासारखा ढकलतो. वारा २५-३० नॉटच्या वर गेला की अरुंद बंदरात शिरायचं की नाही हा कॅप्टनसाठी गंभीर प्रश्न होतो. त्यामुळे बंदर तपासताना मी आधी पाहतो ते आत जहाज वळवायला किती जागा आहे, लाटा अडवणारा बांध कुठल्या दिशेला आहे, आणि हंगामातल्या महिन्यांत वारा कुठून वाहतो. गाळ काढून खोली वाढवता येते, वाऱ्याची दिशा बदलता येत नाही.

पूलही आडवे येतात. फ्लोरिडातल्या टॅम्पाला जाताना सनशाइन स्कायवे पूल लागतो, त्याखालची मोकळी उंची ५५ मीटरच्या आसपास. सर्वांत मोठी जहाजं पाण्यावर ७० मीटरच्या आसपास उंच असतात, त्यामुळे ती टॅम्पाला जाऊच शकत नाहीत. सिडनीच्या प्रसिद्ध पुलाखाली ४९ मीटर जागा आहे, म्हणून तिथे मोठी जहाजं पुलाच्या अलीकडच्या धक्क्याला लागतात आणि पलीकडचं टर्मिनल फक्त लहान जहाजांच्या उपयोगी पडतं. २००९ साली ओएसिस ऑफ द सीज ही प्रचंड बोट फिनलंडमधल्या कारखान्यातून बाहेर पडताना डेन्मार्कच्या ग्रेट बेल्ट पुलाखालून गेली ती धुराडी खाली करून.

धक्का नसेल तर जहाज बाहेर नांगर टाकतं आणि टेंडर नावाच्या छोट्या बोटींनी माणसं किनाऱ्यावर नेतं. कॅरिबियनमधल्या ग्रँड केमनला असंच चालतं. बेलीझ सिटीजवळ पाणी इतकं उथळ की जहाज किनाऱ्यापासून कित्येक मैल दूर थांबतं. सँटोरिनीत उलट अडचण: ज्वालामुखीच्या विवरातलं पाणी इतकं खोल की नांगर तळाला पोचणंच अवघड. आकडे मांडून पाहा. चार हजार प्रवासी, सहा बोटी, एकेका बोटीत १२० माणसं आणि जाऊन-येऊन पाऊण तास. तासाला ९६० माणसं उतरतात, म्हणजे शेवटचा माणूस किनाऱ्याला लागेपर्यंत चार तास उलटून गेलेले. दोन हजार प्रवाशांच्या जहाजाला हे जमतं. पाच हजारांच्या जहाजाला असं बंदर देताना मी दहा वेळा विचार करीन. शिवाय लाटा जरा उसळल्या की बोटी बंद. फॉकलंडच्या स्टॅनलेसारख्या ठिकाणी वाऱ्यामुळे थांबा रद्द होणं नेहमीचं आहे. रद्द झालेला थांबा आम्हाला फार महाग पडतो: सहलींचे पैसे परत करायचे, प्रवासी नाराज, आणि खालच्या गावात सकाळपासून तयारी करून बसलेल्यांचा दिवस वाया. दहापैकी तीन वेळा चुकणारं बंदर पुढच्या वेळापत्रकातून आपोआप मागे पडतं. मला याचं वाईट वाटतं, कारण अशा बंदरांत बहुधा माणसं सगळ्यात मनापासून स्वागत करणारी असतात.

धक्का, खोली, अंतर सगळं जुळलं तरी गावाची झेप पुरते का हे पाहावं लागतं. पाच हजार प्रवाशांपैकी दोन हजार जणांनी सहली घेतल्या तर पन्नास आसनांच्या चाळीस बस लागतात, तासाभरात, एकाच धक्क्यावर. तितके वाटाडे, तेही तीन-चार भाषा बोलणारे. स्वच्छतागृहं. गंभीर आजारी प्रवासी घेईल असं रुग्णालय. यातल्या बसपाशीच लहान बेटं अडतात. धक्क्यासाठी कर्ज मिळतं, पण हंगामात फक्त बारा वेळा लागणाऱ्या चाळीस बस कोण विकत घेणार?

आता कायद्यांकडे येतो. नकाशावर ज्यांचं कोडं सुटत नाही असे बरेच थांबे इथे उलगडतात.

अमेरिकेत १८८६ सालचा एक कायदा आजही लागू आहे. परदेशी झेंड्याखालचं, म्हणजे परदेशात नोंदलेलं, जहाज एका अमेरिकी बंदरात चढवलेले प्रवासी सरळ दुसऱ्या अमेरिकी बंदरात उतरवू शकत नाही. आणि मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळी बहामा, पनामा, बर्म्युडा, माल्टा अशा देशांच्या झेंड्याखाली असतात. फेरी जिथून सुटली तिथेच संपणार असेल तर वाटेत कुठलंही एक परदेशी बंदर घेतलं की चालतं. एका अमेरिकी बंदरातून निघून दुसऱ्यात संपणार असेल तर मात्र दूरचं परदेशी बंदर लागतं. आणि त्या नियमाच्या लेखी मेक्सिको, कॅनडा, बहामा आणि बहुतेक कॅरिबियन बेटं दूर ठरत नाहीत, पण अरुबा, बोनेर, कुरासाव ही तीन बेटं ठरतात.

या एका कायद्याने किती बंदरांचं नशीब ठरलं पाहा. सिएटलहून अलास्काला जाऊन परत येणारी जहाजं शेवटच्या संध्याकाळी कॅनडातल्या व्हिक्टोरियाला काही तास थांबतात, बरेचदा अंधार पडायच्या सुमाराला. व्हिक्टोरिया सुंदर आहे, पण त्या वेळी थांबण्याचं कारण कायदा हे आहे. कॅलिफोर्नियाहून हवाईला जाऊन येणारी जहाजं मेक्सिकोतल्या एन्सेनादाला टेकून येतात. पनामा कालव्यातून फ्लोरिडाहून कॅलिफोर्नियाला जाणाऱ्या फेऱ्यांत कोलंबियातलं कार्ताहेना किंवा अरुबा दिसतं, तेही बऱ्याच अंशी याचमुळे. सर्वांत टोकाचं उदाहरण किरिबाटीतल्या फॅनिंग बेटाचं. होनोलुलूपासून हजारएक नॉटिकल मैल दक्षिणेला, महासागरात एकटं पडलेलं हे प्रवाळबेट. काही वर्षं हवाईत फिरणारी मोठी जहाजं केवळ एक परदेशी बंदर हवं म्हणून तिथपर्यंत जाऊन येत. पुढे अमेरिकी झेंड्याखालचं प्राइड ऑफ अमेरिका हवाईच्याच बेटांमध्ये फिरू लागलं. त्याला परदेशी बंदराची गरजच नाही. २०२१ मध्ये साथीमुळे कॅनडाची बंदरं बंद होती, तेव्हा अमेरिकी संसदेला अलास्कासाठी तात्पुरती सवलत देणारा वेगळा कायदा करावा लागला. नाहीतर तो सगळा हंगाम बुडाला असता.

युरोपात असाच, पण सौम्य परिणाम करांचा होतो. फेरीतली सगळी बंदरं युरोपीय संघातलीच असतील तर जहाजावरच्या विक्रीला मूल्यवर्धित कर लागण्याचा प्रश्न येतो. मधे संघाबाहेरचं एखादं बंदर आलं की हिशोब बदलतो. माँटेनिग्रोतलं कोतोर तिथल्या अप्रतिम खाडीमुळे लोकप्रिय आहेच, पण ते संघाबाहेर आहे हेही त्याच्या पथ्यावर पडतं.

याखेरीज २००४ पासून लागू असलेला आंतरराष्ट्रीय सुरक्षा नियम आहे: परदेशी फेरीवरचं प्रवासी जहाज जिथे लागतं त्या जागेचा मंजूर सुरक्षा आराखडा हवा, कुंपण हवं, तपासणी हवी. इमिग्रेशन आणि कस्टम्सचे अधिकारी हवेत. मच्छीमारीची किती तरी देखणी बंदरं या एका कागदापाशी थांबतात.

पैशाबद्दल उघडपणे बोललं पाहिजे. तिकिटावर जहाज चालत नाही. मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नातला साधारण तिसरा हिस्सा जहाजावर होणाऱ्या खर्चातून येतो: पेयं, कॅसिनो, दुकानं आणि सहली. बहुतेक देशांत जहाज बंदरात असताना कॅसिनो आणि करमुक्त दुकानं बंद ठेवावी लागतात. त्यामुळे दोन बंदरं एकमेकांच्या अगदी जवळ असणंही आम्हाला सोयीचं नसतं. सेंट थॉमस आणि टॉर्टोला शेजारी-शेजारी आहेत. एकाच फेरीत दोन्ही घेतली तर मधली रात्र जवळजवळ एका जागी घुटमळण्यात जाते आणि प्रवाशाला दोन्हीकडे साधारण सारखंच पाहायला मिळतं. म्हणून सहसा दोघांतलं एकच घेतात. खुल्या समुद्रात जहाजाला आणखीही कामं असतात, जसं समुद्राच्या पाण्यापासून गोडं पाणी बनवणं आणि प्रक्रिया केलेलं सांडपाणी नियमांनुसार किनाऱ्यापासून दूर सोडणं.

आणि मग कंपन्यांच्या स्वतःच्या जागा आल्या. १९७७ मध्ये नॉर्वेजियन या क्रूझ कंपनीने बहामातलं ग्रेट स्टिरप के घेतलं, १९९८ मध्ये डिस्नेने कास्टअवे के सुरू केलं. रॉयल कॅरिबियनने कोकोकेवर धक्का बांधून २०१९ मध्ये ते नव्याने उघडलं, आणि २०२५ मध्ये कार्निव्हलचं सेलिब्रेशन की ग्रँड बहामा बेटावर सुरू झालं. आखणी करणाऱ्याच्या नजरेने या जागांसारखी सोय दुसरी नाही. फ्लोरिडाहून एका रात्रीच्या आत, त्यामुळे इंधन थोडं लागतं. धक्क्यासाठी कोणाशी भांडावं लागत नाही. आणि प्रवाशाने तिथे खर्च केलेला पैसा कंपनीकडेच राहतो. ज्या बेटांची रोजीरोटी जहाजांवर आहे त्यांनी पुलाची उंची आणि पाण्याची खोली यांच्यापेक्षा या गोष्टीची काळजी करावी असं माझं स्पष्ट मत आहे. सात रात्रींच्या फेरीत कंपनीच्या दोन जागा आल्या की दुसऱ्या दोन बंदरांचे थांबे कायमचे गेले.

पूर्ण बेट घ्यायचं नसेल तर कंपन्या धक्क्यात पैसे घालतात. ग्रँड टर्क, रोआतान, डोमिनिकन प्रजासत्ताकातलं अंबर कोव्ह इथे कार्निव्हलने गुंतवणूक केली. जमैकातलं फाल्मथ २०११ मध्ये सुरू झालं ते प्रचंड जहाजं डोळ्यांसमोर ठेवून. बदल्यात धक्क्यावर प्राधान्य मिळतं. जिथे स्वतःचा पैसा गुंतला आहे तिथे जहाज पाठवलंच जातं, मग शेजारच्या बेटावरचा समुद्रकिनारा कितीही चांगला असो.

माणशी लागणाऱ्या करांचाही परिणाम होतो, पण गावकऱ्यांना वाटते तितकी भीती बाळगायचं कारण नाही. अलास्काने २००६ मध्ये जनमताने माणशी ४६ डॉलरचा कर लावला. नंतर काही कंपन्यांनी जहाजं दुसरीकडे वळवली आणि २०१० मध्ये तो कमी करावा लागला. दुसरीकडे ग्रीसने जुलै २०२५ पासून सँटोरिनी आणि मिकोनोसला ऐन हंगामात माणशी २० युरो लावले, कारण त्या दोन नावांशिवाय एजियन समुद्रातली फेरी विकणं कठीण आहे हे त्यांना ठाऊक आहे. ज्याच्या जागी दुसरं बंदर सहज घेता येतं त्याने कर जपून लावावा, एवढंच.

गेल्या दहा वर्षांत आणखी एक गोष्ट बदलली. पूर्वी नकार आम्ही द्यायचो, आता बंदरंही देतात. व्हेनिसने १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनांपेक्षा मोठ्या किंवा १८० मीटरपेक्षा लांब जहाजांना सान मार्को चौकासमोरून जाणं बंद केलं. ती आता मार्गेरा, त्रिएस्ते, रावेन्ना अशा ठिकाणी जातात. दुब्रोव्हनिकने दिवसाला दोनच जहाजं असं ठरवलं. अमेरिकेतल्या बार हार्बरच्या मतदारांनी २०२२ मध्ये दिवसाला १,००० प्रवाशांची मर्यादा मंजूर केली. अलास्कातल्या साधारण ३२,००० वस्तीच्या जूनोने दिवसाला पाच मोठ्या जहाजांची मर्यादा घातली आणि २०२६ पासून सगळ्या जहाजांवरच्या मिळून खाटांचीही: एरवी १६,०००, शनिवारी १२,०००. ग्लेशियर बे राष्ट्रीय उद्यानात दिवसाला दोनच क्रूझ जहाजं जाऊ शकतात. नॉर्वेच्या जागतिक वारसा फ्योर्डांत २०२६ पासून लहान प्रवासी जहाजांना आणि २०३२ पासून मोठ्यांना धूरमुक्त चालावं लागणार आहे. हे निर्णय मला योग्य वाटतात. चिंचोळ्या जुन्या शहरात एका सकाळी चार जहाजांची माणसं सोडली की पाहुण्याला काही दिसत नाही आणि गावकऱ्याला घराबाहेर पडता येत नाही. मर्यादा घातलेल्या बंदरांत प्रवाशांचा अनुभव सुधारतो हे आम्हाला त्यांच्या अभिप्रायांतून कळतं.

राजकारण आणि सुरक्षितता यांबद्दल फार लिहायची गरज नाही, ते सगळ्यांना दिसतं. २०२२ पर्यंत बाल्टिकच्या फेऱ्या सेंट पीटर्सबर्गभोवती रचलेल्या असत, जहाजं तिथे दोन-दोन दिवस थांबत. युक्रेनमधलं युद्ध सुरू झाल्यावर ते नाव गेलं आणि त्याच्या आधारावर उभी असलेली अख्खी फेरी नव्याने बांधावी लागली. मार्च २०१५ मध्ये ट्युनिसच्या बार्दो संग्रहालयावरच्या हल्ल्यात क्रूझचे प्रवासी मारले गेले आणि मोठ्या कंपन्यांनी ते बंदर सोडलं. बंदर एकदा यादीतून गेलं की परिस्थिती निवळल्यावरही परतायला वर्षं लागतात, कारण मधल्या काळात त्याच्या जागी आलेल्या बंदराशी करार झालेले असतात.

तर मग ज्यांच्या बंदरात जहाज येत नाही त्यांनी काय करावं? पहिलं म्हणजे, धक्का बांधण्याआधी नकाशा घेऊन बसावं. तुमच्या दोन्ही बाजूंना, सव्वादोनशे नॉटिकल मैलांच्या आत, चालती बंदरं आहेत का? ती एकाच फेरीत येतात का? उत्तर नाही असेल तर मोठ्या जहाजांचा नाद सोडावा. हे ऐकायला कठोर वाटेल, पण रिकाम्या धक्क्याचं कर्ज पिढीभर फेडत बसण्यापेक्षा बरं.

उत्तर हो असेल तर अलास्कातल्या हूना गावाचा अभ्यास करा. तिथल्या जुन्या मासळीच्या कारखान्याभोवती गावच्या आदिवासी समाजाच्याच संस्थेने, हूना टोटेमने, आइसी स्ट्रेट पॉइंट उभं केलं. २००४ मध्ये पहिलं जहाज आलं. बारा वर्षं त्यांनी टेंडर बोटींवर काम चालवलं, मागणी आहे हे पाहिलं आणि मग २०१६ मध्ये धक्का केला. जूनो आणि ग्लेशियर बे यांच्या मध्ये असल्यामुळे ते चालत्या फेरीत अलगद बसलं. आणि जागा गावाच्या मालकीची असल्याने किती जहाजं घ्यायची हेही बऱ्याच अंशी गावाच्याच हातात राहिलं.

फेरीत बसत नसलेल्या गावांना लहान मोहिमी जहाजांचा मार्ग मोकळा असतो, आणि तो दुय्यम मानायचं काही कारण नाही. शंभर-दोनशे प्रवाशांची ही जहाजं धक्का मागत नाहीत. रबरी बोटी सोडून आडोशाच्या किनाऱ्यावर माणसं उतरवतात. गॅलापागोसमध्ये जास्तीत जास्त शंभर प्रवाशांची जहाजं चालतात. अंटार्क्टिकात तर ५०० हून अधिक प्रवाशांच्या जहाजाला माणसं उतरवताच येत नाहीत आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. अशा फेऱ्या दहा-पंधरा रात्रींच्या असतात, त्यांचे प्रवासी लांबच्या, अवघड जागाच शोधत असतात. मोठ्या जहाजाला जी अडचण वाटते ती इथे जमेची बाजू ठरते.

दोन्हीपैकी काहीही असो, कंपनीच्या मार्ग आखणाऱ्यांना पत्र लिहाल तेव्हा त्यात हे द्या: सर्वांत खालच्या ओहोटीला धक्क्यापाशी किती पाणी असतं, धक्क्याची लांबी, जहाज वळवायची जागा, महिनावार वाऱ्याची दिशा आणि जोर, टेंडर बोटी लागतील अशी आडोशाची जागा, मिळू शकणाऱ्या बस आणि वाटाडे, मुख्य पाहायच्या जागेपर्यंतचा खरा वेळ, सुरक्षा आराखडा मंजूर आहे की नाही, आणि शेजारच्या कोणत्या बंदरांच्या मधे तुम्ही बसता. शेजारच्या बंदराशी स्पर्धा करण्याऐवजी त्यांच्यासोबत मिळून पत्र पाठवलं तर अधिक चांगलं, कारण मग आमच्यासमोर आयती दोन-तीन दिवसांची साखळी येते. आणि हे पत्र किमान अडीच-तीन वर्षं आधी पाठवा. त्याच्या आतली वेळापत्रकं तोवर विक्रीला निघालेली असतात आणि धक्के राखून झालेले असतात.